एक सिलिंडर, चार पिंपे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या पाण्यात कपात केली, तेव्हा पाण्याविषयी बरेच छापून आले. बिअरला फेस आणणाऱ्या कार्बन डायऑक्साइडविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

बिअरचे उदाहरण वर्गात घ्यावे का, असा प्रश्न आम्हालाही पडला. (घरी बिअर बनवणे आपल्या राज्यात परवान्याशिवाय गुन्हाच आहे.) पण सोडावॉटरची कथाही बिअरच्या कारखान्यातच सुरू होते. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधल्या लीड्स गावी अशाच एका कारखान्याशेजारी राहायला गेला. आंबणाऱ्या बिअरवर वायूचा थर साचे; त्यात धरलेली मेणबत्ती विझे. त्या थरात पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिल्यावर ते सोड्यासारखे झाले. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापली. पुढे मँचेस्टरचे टॉमस हेन्री असे पाणी बनवून विकू लागले. त्यांचा मुलगा विल्यम याने मोजमाप केले आणि १८०३ मध्ये नियम मांडला: तापमान तेच असेल, तर दाब दुप्पट केल्यावर दुप्पट वायू विरघळतो.

आता हॉटेलात पाहू. एका सिलिंडरला बिअरची चार पिंपे जोडलेली असतात. २० अंश सेल्सिअसला सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. पिंपाला लागणारा जादा दाब मात्र हवेच्या दाबाच्या एक पटीच्या आसपास. म्हणून मध्ये रेग्युलेटर: एक लवचीक पडदा आणि त्याला रेटणारी स्प्रिंग. पुढे नळीला फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर एकमार्गी झडप हवी, नाहीतर एका पिंपातली बिअर उलटी चढून दुसऱ्यात जाईल.

खरी अडचण तापमानाची. नेहमीच्या बिअरला ३ अंशांवर ०.८ पट जादा दाब पुरतो. तेवढाच वायू १० अंशांवर टिकवायला सुमारे १.२ पट लागतो. एक पिंप फ्रीजबाहेर राहिले आणि त्याच्यासाठी दाब वाढवला, की थंड पिंपांत वायू जास्त विरघळतो आणि नळातून निम्मा फेसच येतो. हे व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते लवकर सापडत नाही. अशा पिंपाला वेगळा रेग्युलेटर हाच उपाय.

सिलिंडरची गंमत वेगळीच. आत द्रव उरला आहे तोवर काटा हलत नाही. किती वायू शिल्लक आहे ते वजन करूनच कळते. १८६९ मध्ये टॉमस अँड्र्यूज याने दाखवले, की ३१ अंशांच्या वर कितीही दाबले तरी या वायूचा द्रव होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला पोचतो! उन्हात ठेवलेल्या भरलेल्या सिलिंडरमध्ये तेव्हा द्रव नसतोच, आणि दाब भराभर चढतो.

म्हणून सिलिंडर सावलीत ठेवायचा, पण बंद तळघरात नाही. हा वायू हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि खाली वाकलेल्या माणसाला प्रीस्टलीच्या मेणबत्तीइतकाही वेळ मिळत नाही.