तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचं अधिकृत नाव आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडात 'क्रॉफर्ड'च येतं. हा क्रॉफर्ड कोण, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. कोणी गव्हर्नर असेल, लॉर्ड वगैरे, असं वाटतं. तसं नाही. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, आणि आज आपल्या महापालिका ज्या कायदेशीर चौकटीत चालतात तिचं थोडंफार श्रेय (उलट्या अर्थाने!) त्याला जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळी मागणी मुंबईकडे वळली. शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर्स दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. डॉटकॉमचा फुगा ज्यांनी पाहिला किंवा ऐकला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला सौद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली.

नेमक्या त्याच वर्षी मुंबई म्युनिसिपालिटीचा नवा कायदा आला. त्याआधी तीन कमिशनर मिळून कारभार बघत, म्हणजे तिघांची जबाबदारी आणि प्रत्यक्षात कोणाचीच नाही. नव्या कायद्याने सगळी कार्यकारी सत्ता एकाच कमिशनरच्या हातात दिली. त्याला नेमणार सरकार. त्याच्यावर देखरेख कोण ठेवणार? तर 'जस्टिस ऑफ द पीस', म्हणजे सरकारनेच नेमलेले शहरातले प्रतिष्ठित लोक. कर भरणाऱ्या सामान्य माणसाचा या सगळ्यात संबंध एवढाच, की बिल आलं की भरायचं.

क्रॉफर्ड माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही. रस्ते रुंद केले, गटारं साफ केली, कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला हलवले, मंडया बांधल्या. मार्केटची इमारत १८६९ च्या सुमारास उभी राहिली. तिच्यावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगने केलेली, म्हणजे 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डच्या वडिलांनी. घाणीने आणि साथींनी गांजलेल्या शहराला हे सगळं हवंच होतं.

पण पैसा कुठून? इथे खरी गोम आहे. घरपट्टी तेव्हा बसायची घराच्या भाडेमूल्यावर. तेजीत भाडी चढतात आणि पालिकेला वाटतं आपलं उत्पन्न कायमचं वाढलं. मंदीत भाडी उतरतात, थकबाकी वाढते, आणि गटाराचं अर्धं झालेलं काम मात्र मध्येच थांबवता येत नाही. क्रॉफर्डने खर्च तेजीच्या हिशेबाने केला आणि वसुली मंदीत करायची वेळ आली. मंजुरीच्या बाहेर खर्च होऊ लागला, कर्ज वाढलं, आणि ते फेडायला करांचा बोजाही. १८७१ पर्यंत करदात्यांचा असंतोष इतका पेटला की क्रॉफर्डला जावं लागलं.

आता गंमत बघा. सगळं शहर क्रॉफर्डच्या नावाने खडे फोडत असताना, नुकताच विलायतेहून परतलेला २६ वर्षांचा एक बॅरिस्टर फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, चूक माणसाची कमी आणि रचनेची जास्त आहे. कार्यकारी सत्ता एकाच अधिकाऱ्याकडे असू द्या, नाहीतर कामं होणार नाहीत. पण त्याच्या वर करदात्यांनी निवडून दिलेली सभा हवी आणि हिशेबावर तिची पकड हवी. श्रोत्यांना हे अजिबात रुचलं नाही, त्यांनी आरडाओरडा केला. त्या बॅरिस्टरचं नाव फिरोजशहा मेहता.

पुढे झालं ते बरंचसं त्याच दिशेने. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची कॉर्पोरेशन आली, त्यातले ३२, म्हणजे निम्मे, करदात्यांनी निवडलेले. ठराविक रकमेच्या वर कर भरणाऱ्यांनाच मत होतं, त्यामुळे याला लोकशाही म्हणणं जरा जास्तच होईल. पण खर्चावर लक्ष ठेवायला १२ जणांची वेगळी समिती आली, हे महत्त्वाचं. मग १८८८ चा मुंबई महापालिका कायदा. त्याला आकार देण्यात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. असंख्य दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही लागू आहे. अंदाजपत्रक कमिशनर करणार, तपासणार स्थायी समिती, मंजूर करणार सभागृह. मोठ्या कंत्राटांना स्थायी समितीची मान्यता. करांचे दर ठरवणार सभागृह.

(जाता जाता: त्याच १८८८ साली क्रॉफर्ड पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर असताना लाचखोरीच्या आरोपांत सापडला. चौकशीत लाच सिद्ध झाली नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल नोकरी गेली. ज्या मामलेदारांनी अभय मिळेल या आश्वासनावर साक्षी दिल्या त्यांच्यावरच नंतर गदा आली, आणि त्यांची बाजू घेऊन टिळक उभे राहिले.)

आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो. कोड लिहिणारा, तो तपासणारा आणि तो प्रॉडक्शनवर टाकणारा हे एकच नसावेत. लिहिणारा चोर असतो म्हणून नव्हे. कितीही हुशार माणसाला स्वतःचा बग दिसत नाही म्हणून. १८८८ चा कायदा म्हणजे दुसरं काय?

म्हणूनच अलीकडची चार वर्षं मला अस्वस्थ करतात. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची त्यानंतर आठवड्याभरात. राज्यघटनेचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं, की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद कोर्टात गेले. मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले आणि परत २२७. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर करायचं. २०२५-२६ चं मुंबईचं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटींचं. एवढ्या रकमेवर प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता!

लगेच कोणी म्हणेल, नगरसेवक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे होते? टक्केवारीच्या गोष्टी आपण ऐकलेल्याच आहेत. उलट प्रशासकाच्या काळात कामं भराभर झाली की! खरं आहे, मुंबईचा कोस्टल रोड याच काळात सुरू झाला. पण क्रॉफर्डच्या काळातही कामं भराभरच झाली होती. त्याच्या मंडईत लोक अजूनही फळं घेतात. प्रश्न काम झालं की नाही हा नाहीच. 'हे आत्ताच का, एवढ्याला का, आणि माझ्या वॉर्डातल्या गटाराचं काय', हे विचारण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न आहे. नगरसेवक वाईट निघाला तर पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. प्रशासकाला आपण कसं घरी बसवणार?

आपण आयटीवाले शेअर बाजारातल्या कंपनीची बॅलन्स शीट चाळतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या मेंटेनन्सवरून भांडतो. महापालिकेचं अंदाजपत्रक मात्र उघडून बघत नाही, वेबसाइटवर फुकट असूनसुद्धा. आता सभागृहं परत आली आहेत. आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकाचं नाव माहीत असणं, आणि यंदा आपल्या वॉर्डासाठी काय तरतूद आहे हे त्यांना विचारणं, एवढं तर जमेल? १८७१ च्या करदात्यांनी एवढ्या साध्या हक्कासाठी केवढा गदारोळ केला होता!