रुळांचें माप आणि मदरबोर्ड

1867 सालीं बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोंचली. पुढें वाफेची जागा विजेनें घेतली. परंतु रुळांमधील अंतर 5 फूट 6 इंचच राहिलें, म्हणून नवीं इंजिनें त्याच मार्गानें धावलीं. मूर्तिजापूरचा यवतमाळ फांटा अडीच फुटी. तेथें माल उतरवून पुन्हां भरावा लागे.

मदरबोर्डाचा इतिहासहि असाच. 1997 च्या एजीपी खांचेंत 2003 च्या पीसीआय एक्सप्रेस पद्धतीचें ग्राफिक्स कार्ड बसेना. पुढील पिढ्यांनीं मात्र खांच तीच ठेविली; त्यामुळें नवें कार्ड बहुधा जुन्या बोर्डावर चालतें, पण जुन्या वेगानें. सेकंदास 600 मेगाबाइटांचा साटा ड्राइव्हहि पहिल्या पिढीच्या जोडणीवर 150 च्या पुढें जात नाहीं. जुना संगणक मोडींत काढण्यापूर्वीं माप पाहावें. वेग मार्गच ठरवितो.