सहल नावाची शर्यत

मनुष्यास अडविण्याचे सामर्थ्य जसे शब्दांत असते, तसेच त्यास वाट करून देण्याचेही असते. कॅलिफोर्नियातील डिप्सी नामक शर्यतीचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, टॅमल्पायस पर्वताच्या पायथ्याशी, मिल व्हॅली हे गाव आहे. तेथून डोंगर ओलांडून पॅसिफिक महासागराच्या पुळणीपर्यंत सुमारे साडेसात मैलांची पाऊलवाट जाते. आरंभीच शेकडो पायऱ्या. मग रेडवुड वृक्षांची गर्द छाया. पुन्हा ऊर भरून आणणारा चढ, आणि अखेर समुद्राकडील उतार. वसंतात तेथील माळांवर अफूच्या कुळातील नारिंगी फुले व निळे ल्युपिन बहरतात, झाडीतून हरिणे डोकावतात आणि तित्तिरासारखे क्वेल पक्षी लगबगीने वाट ओलांडतात. १९०४ साली ऑलिंपिक क्लबच्या दोघा सभासदांनी या वाटेवर पैज मारली, आणि तीतूनच १९०५ पासूनची ही शर्यत जन्मास आली.

ती अर्थातच पुरुषांची होती. लांब पल्ल्याच्या धावण्यास स्त्रीचे शरीर असमर्थ, हे मत त्या काळी निर्विवाद मानले जाई, आणि खेळांचे नियमन करणारी अमेरिकन संस्था स्त्रियांच्या अशा शर्यतीस मान्यता देत नसे. तेव्हा १९१८ च्या वसंतात संयोजकांनी एक युक्ति योजिली. त्यांनी शर्यत भरविलीच नाही. स्त्रियांची ‘पायी सहल’ भरविली! सहलीस नियम कोठून लागू होणार? त्याच वाटेवरून स्त्रिया निघाल्या, आणि एडिथ हिकमन पहिली आली. सहलीत कोणी पहिले येते काय, हा प्रश्न तेवढा विचारावयाचा नव्हता.

पाच वर्षांनी, १९२२ नंतर, ही सहल बंद पडली. जे हक्क म्हणून मिळालेले नसते, ते काढून घेण्यास कारणही फारसे लागत नाही. मुख्य शर्यतीचे दार स्त्रियांस अधिकृतपणे उघडले ते १९७१ साली. बॉस्टनच्या सुप्रसिद्ध मॅराथॉनपूर्वी अवघे एक वर्ष. पुढे १९७३ साली मेरी एटा बोइटानो या दहा वर्षांच्या मुलीने डिप्सी जिंकली. वय व लिंग पाहून दुर्बलांस आधी सोडण्याचा तेथील प्रघात आहे, हे खरे. तथापि पायऱ्या व चढ कोणासही माफ नसतात.

डोंगर तोच होता, वाटही तीच होती. स्त्रियांची शक्ति १९१८ सालीच सिद्ध झाली होती. ती शर्यत या नावाने मान्य करावयास मात्र समाजास त्रेपन्न वर्षे लागली.