दोन खोल्यांची शाळा



साताऱ्यात शिक्षणाच्या इतिहासावर बोलावयास उभे राहिले म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव प्रथम घ्यावे, हा येथला रिवाज आहे आणि तो रास्तच आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग निघाले. पुढला विस्तार आपणांस ठाऊक आहे. आजचा आमचा विषय मात्र त्याहून लहान, अगदी वयानेसुद्धा लहान आहे. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांची जी शाळा, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहोत.

अशा शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याची मोठी अडचण होते. हायस्कूल बंद पडले तरी हजेरीपटे उरतात, मॅट्रिकचे निकाल उरतात, गेलाबाजार एखादे स्नेहसंमेलनाचे छायाचित्र उरते. बालमंदिराचे काहीच उरत नाही. आणि ज्यांच्यावर तिचा संस्कार झाला, त्यांना तो झाल्याचे आठवत नाही; कारण त्या वयाचे फारसे कोणालाच आठवत नाही. तेव्हा साक्षीदार आणावा कोठून?

एक साक्षीदार हजर आहे, तो आम्हीच. साताऱ्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या माडीखाली दोन खोल्यांत अशी शाळा भरत असे. वीस-बावीस मुले, एक बाई आणि मुलांचे शेंबूड पुसणाऱ्या एक मावशी. पाटी नव्हती, पाढे नव्हते, छडी तर नव्हतीच. म्हणून आमच्या आजोबांच्या मते ती शाळाच नव्हती. साहित्य म्हणावे तर एका सुताराकडून करून घेतलेले लाकडी ठोकळे. मूळ माँटेसरी पद्धतीत ह्या मनोऱ्याचे दहा ठोकळे गुलाबी असतात, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा आणि सर्वांत धाकटा एक सेंटिमीटरचा. आमच्या सुताराचा रंग जांभळटच उतरला होता. ठोकळे चुकीच्या क्रमाने रचले की मनोरा वेडावाकडा दिसे, आणि बाई काही बोलत नसत. चूक आपली आपल्याला दिसे. मोडावे, पुन्हा रचावे. खरखरीत कागदाची कापून चिकटविलेली अक्षरे बोटाने गिरवावी. आणि शनिवारी शांततेचा खेळ. सगळ्यांनी डोळे मिटून बसायचे, बाई दारापलीकडून एकेकाचे नाव कुजबुजत, आणि ज्याचे नाव येई त्याने पावलाचा आवाज न करता त्यांच्यापर्यंत जायचे. आपले नाव इतक्या हळू कोणी घेऊ शकते, हे आम्हांला तेथे प्रथम कळले. घरी ते माडीवरून परसापर्यंत ऐकू जाईल अशाच आवाजात घेतले जाई.

असो. ही पद्धत आमच्या पेठेत आली कशी, हा खरा इतिहासाचा प्रश्न. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत हुंदडणारी, भिंती खराब करणारी ती मुले होती. पुढे ह्या पद्धतीला जगभर सुखवस्तू घरांनी उचलून धरले आणि तिचे गरीब माहेर लोक विसरले. १९३१ साली लंडनला गांधीजी माँटेसरीबाईंच्या संस्थेत गेले, तेव्हा श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्या मुलांनाही असे शिक्षण मिळावे, अशी आशा त्यांनी बोलून दाखविली. ज्यांचा आरंभच गरिबांच्या चाळीत झाला त्यांना हे सांगावे लागावे, यातच सर्व आले.

आपल्याकडे ती आली गुजरातेतून. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीपोटी त्यांनी माँटेसरीबाईंचे ग्रंथ वाचले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. लोक त्यांना ‘मिशाळ आई’ म्हणत. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. १८९२ साली जन्मलेल्या, त्या काळच्या बी. ए., राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यपदावरून उठून त्या मुलांसमवेत जमिनीवर बसावयास आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या, आणि त्यांच्या वर्गांतून हजाराहून अधिक शिक्षक तयार झाले. पेठापेठांतून जी बालमंदिरे निघाली, ती ह्या दोन प्रवाहांच्या पाण्यावर.

येथवरची कथा शहराची आहे. तिला वळण लागले ते १९४५ साली, बोर्डीस. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दादरच्या यशावर समाधान मानण्याचे ते वय. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीस बालवाडी उघडली, तर दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले येतना. घरी धाकट्याला सांभाळायचे असे, गुरे राखायची असत, अंगावर धड कपडा नसे. तेव्हा ह्या दोघींनी पोर येत नाही म्हणून पोराला दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पोरांना न्हाऊ घालावे, नखे काढावी, केस विंचरावे, आणि शिंपले, खडे, बिया, पाने यांनी मोजावयास शिकवावे. विलायती लाकडी साहित्याची गरज नाही, हे सिद्ध झाले. ती अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठायी आणून विकासवाडी झाली, म्हणजे धाकट्याला काखेत घेऊन आलेली बहीण त्याला पाळण्यात टाकून स्वतः शिकू लागली. आमच्या मते महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासात याहून साधी आणि याहून खोल युक्ती दुसरी नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना तेहतीस विभागांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात अशी केंद्रे चौदा लाखांच्या आसपास आहेत. मराठी अंगणातला शब्द साऱ्या देशाने घेतला, ह्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. तथापि शब्द गेला तितकी वस्तू गेली काय? आहार, लसीकरण, वजन, नोंदवह्या, सर्वेक्षणे. सेविकेच्या दिवसातून पोराने आपल्या हाताने मनोरा मोडून पुन्हा रचण्याला किती घटका उरतात? दोष सेविकेचा नव्हे. तिच्या मानधनाकडे पाहिले तर तिच्याकडून आणखी काही मागण्याची आपली जीभ रेटू नये. आणि शहरात ‘माँटेसरी’ म्हणजे चार वर्षांच्या पोराला इंग्रजी अक्षरे घोटवून घेणारी कोणतीही शिशुशाळा, असा अर्थ रूढ झाला. ज्या बाईने पाठांतराचा जाच काढला, तिच्याच नावाने तो परत आला!

आपल्या जिल्ह्यातही आशेची जागा नाही असे नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या, शाळेने टाकलेल्या मुलांना वाचावयास शिकविण्यापासून आरंभ केला आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी राहिली. ती माँटेसरी शाळा नव्हे. पण पोराला वाचता आले नाही तर चूक पद्धतीत शोधावी, हा हट्ट त्याच कुळातला.

आणि एक गोष्ट आपल्या दारातली. दरसाल दिवाळीच्या सुमारास बीडकडील तोडकरी कुटुंबे सातारा-सांगलीच्या उसाच्या फडांवर येतात आणि गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, राहतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बसल्या. यंदा माघात कृष्णाकाठच्या एका फडावर आम्ही गेलो होतो. आई मोळी बांधीत होती, आठ-नऊ वर्षांची मुलगी बांधावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने उसाची कांडकी लांबीप्रमाणे ओळीने मांडली होती, सर्वांत मोठे ते सर्वांत धाकटे. मधले एक चुकले होते. आम्ही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच ते उचलले आणि जागेवर ठेवले. शाळेत जातेस का, असे विचारले, तर म्हणाली, गावाकडे तिसरीत नाव आहे.