वचनपाठांतर (ख्रिस्ती)

बायबलमधील निवडक वचने संदर्भासह शब्दशः पाठ करून ती प्रार्थनेत, मोहाच्या वेळी, आजारपणात किंवा दुसऱ्याचे सांत्वन करताना उपयोगात आणण्याची साधना. ती सर्वच ख्रिस्ती पंथांत आढळते. मात्र अध्याय आणि वचनाचा क्रमांक सांगून पाठ म्हणण्याची रीत प्रामुख्याने प्रॉटेस्टंट मंडळ्यांची आहे. कॅथलिक घरांत पाठांतराचा भर प्रभूची प्रार्थना, रोझरी आणि धर्मशिक्षणातील प्रश्नोत्तरांवर राहिला.

या सवयीला खुद्द बायबलमध्ये आधार आहे. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मनात ठेवाव्यात, मुलांना शिकवाव्यात आणि घरीदारी त्यांविषयी बोलत राहावे असे सांगितले आहे. ११९ व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत; हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांपैकी प्रत्येकाने सुरू होणारी आठ-आठ वचने अशी त्याची बांधणी आहे. ती तोंडपाठ म्हणणाऱ्याच्या सोयीची आहे हे उघड आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशू अरण्यात सैतानाला तीन वेळा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरे अनुवादातली आहेत. वचन पाठ का करावे हे शिकवताना हाच प्रसंग हमखास सांगितला जातो. त्याच प्रसंगात सैतानही ९१ व्या स्तोत्रातले वचन म्हणतो, याची आठवण मात्र क्वचितच करून दिली जाते.

इसवी सन ७८७ च्या निकायाच्या दुसऱ्या धर्मसभेने बिशप होणाऱ्याला स्तोत्रसंहिता पाठ असली पाहिजे असा नियम केला. तेव्हा संबंध स्तोत्रेच पाठ होत. आज छापले जातात ते वचनांचे क्रमांक पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तिएन याने १५५१ मध्ये नव्या करारात घातले. सुटे वचन उचलून पाठ करणे त्यानंतर सोपे झाले. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रविवारची शाळा काढली. ती चळवळ पसरली तशी पाठ वचनांना बक्षिसे मिळू लागली. मार्क ट्वेनने ‘टॉम सॉयर’ या १८७६ च्या कादंबरीत या प्रकाराची यथेच्छ टर उडवली आहे. तिथे दोन हजार वचनांच्या चिठ्ठ्या जमवल्या की बायबल बक्षीस मिळते, आणि टॉम त्या चिठ्ठ्या सवंगड्यांकडून अदलाबदलीत मिळवतो.

मराठीत छापील बायबल येण्याच्या आधीच त्यातला आशय लोकांच्या कानी पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ देवळात मोठ्याने वाचला जाई. मराठी नवा करार मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर छापखान्यातून १८११ मध्ये मोडी लिपीत निघाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ठाणे केले. शब्बाथ शाळा (म्हणजे रविवारच्या शाळा), घरोघर जाऊन बायकांना शिकवणाऱ्या बायबल-स्त्रिया आणि ख्रिस्ती कीर्तन यांमुळे पुढे त्या भागात वचने घराघरांत गेली. गद्य वचनापेक्षा चालीवरचे पद मराठी माणसाच्या तोंडी लवकर बसते, हे ख्रिस्ती पदकर्ते कृष्णराव सांगळे आणि ना. वा. टिळक यांनी पक्के ओळखले होते. आजही मराठी ख्रिस्ती आजीला २३ वे स्तोत्र विचारले, तर ती ते म्हणण्याऐवजी गाऊन दाखवण्याची शक्यता अधिक!

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी निधन होण्याच्या सुमारास त्यांनी ते काम पुरे केले. छपाई त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झाली. भाषांतरे अनेक असल्याने एकाच घरात तेच वचन दोन-तीन पाठांत म्हटले जाते. म्हणून पाठांतर स्पर्धेची सूचना काढताना कोणते भाषांतर धरायचे हे आधी ठरवावे लागते.

शब्बाथ शाळेतील नेहमीची पद्धत साधी आहे. त्या दिवसाचे सुवर्णवचन शिक्षिका फळ्यावर लिहितात. मुले आधी संदर्भ, मग वचन, मग पुन्हा संदर्भ म्हणतात. प्रत्येक फेरीनंतर एक-दोन शब्द पुसले जातात, आणि शेवटी कोऱ्या फळ्याकडे पाहत वर्ग सगळे वचन म्हणतो. गडबड होते ती बहुधा संदर्भाच्या आकड्यांत. मोठी माणसे चिठ्ठीवर वचन लिहून खिशात ठेवतात आणि नव्याबरोबर जुन्यांची उजळणी करतात. उजळणी सुटली की महिन्याभरात शब्दांची सरमिसळ होते.

सुट्या वचनाचा धोकाही आहे. यिर्मया २९:११ हे आशादायी वचन कॅलेंडरांवर आणि शुभेच्छापत्रांवर झळकते. त्याच्या आदल्याच वचनात बाबेलमधली सत्तर वर्षे सांगितली आहेत, ती कोणी छापत नाही. म्हणून काही पाळक एकेका वचनाऐवजी पूर्ण स्तोत्र किंवा गिरिप्रवचनाचा सलग भाग पाठ करायला सांगतात, आणि ते रास्त आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत या साधनेला वेगळा संदर्भ मिळतो. येथील लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. ख्रिस्ती त्यांत थोडे. पुस्तकाविना जपलेले वाङ्मय येथे नवे नाही: वारल्यांच्या लग्नात धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) विधीची गाणी तोंडपाठ गाते आणि कणसरी या धान्यदेवतेची कथा घांगळी या तंतुवाद्याच्या साथीवर गायली जाते. बायबलचे वचन मात्र येथे पुस्तकी मराठीत येते आणि घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी असते. त्यामुळे शब्द पाठ होणे आणि अर्थ उमगणे ही दोन कामे ठरतात. पाठ म्हणून झाल्यावर तेच घरच्या बोलीत सांगायला लावणे हा त्यावरचा सरळ उपाय. अक्षरओळख नसलेल्याला वचन ऐकूनच शिकावे लागते. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचे रविवारचे वर्ग पावसाळ्यापर्यंत सुटतात. मधल्या काळात पाठ वचनांची उजळणी घरच्यांनाच घ्यावी लागते.