पूर्वेच्या कोपऱ्यातलं कवठ

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'सोसायटीचा इतिहास' लिहायचं काम दिलं. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, प्लॉटवाटप, पाण्याची टाकी, रस्ते हे सगळं सचिवांच्या अहवालात तारीखवार आलेलं आहे. तेच मी पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. म्हणून मी लिहितोय ते आपल्या ओपन स्पेसच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या कवठाबद्दल, आणि हिंगोलीच्या आसपास चांगलं कवठ कुठे मिळतं, याबद्दल. हा काय इतिहास झाला, असं काहीजण म्हणतील. वाचून ठरवा.

निमित्त झालं ते सोसायटीतल्या लेकरांचं. मागच्या दिवाळीत सगळी पोरं एका मोबाईलवर वाकून बघत होती. काडीला टोचलेलं सफरचंद, साखरेच्या तपकिरी पाकात बुडवून काढलेलं. कॅरॅमल ॲपल म्हणतात त्याला. "आजोबा, हे आपल्याकडे कुठे मिळतं?" असा प्रश्न आला. हिंगोलीत मिळत नाही, एवढं मला माहीत होतं. मग जरा वाचून पाहिलं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क गावी विल्यम कोल्ब नावाचा मिठाईवाला होता. 1908 साली नाताळासाठी त्याने दालचिनीच्या लाल पाकात सफरचंदं बुडवून दुकानाच्या काचेत मांडली, आणि लोकांनी ती पाकासकट खायला मागितली, असं सांगतात. मऊ कॅरॅमलचा प्रकार त्यानंतरचा, 1950च्या दशकातला. इंग्लंडमध्ये त्याला टॉफी ॲपल म्हणतात आणि नोव्हेंबरच्या थंडीत, शेकोटीच्या सणाला खातात. सगळीकडे हिशोब एकच: फळ आंबट, पाक गोड, आणि हंगाम फळ उतरण्याचा.

हे वाचलं आणि मी पोरांना म्हणालो, अरे, हे तर आपल्या कोपऱ्यात टांगलंय. इंग्रजीत कवठाला वुड ॲपल म्हणतात, लाकडी सफरचंद. सफरचंद आपल्या मराठवाड्याच्या उन्हात येत नाही, ते ट्रकमधून येतं. पण आंबट फळ आणि गूळ यांची जोडी आपल्याकडे त्या न्यूअर्कच्या दुकानाच्या किती आधीपासून आहे, याला मोजमाप नाही.

कवठाचं संस्कृत नाव कपित्थ. ज्यावर कपी म्हणजे माकडं राहतात ते, असा त्याचा अर्थ जुने लोक लावतात. आपल्या गोरेगावातली वानरं हा अर्थ दरवर्षी माघात सिद्ध करून दाखवतात. गणपतीला आवडणाऱ्या फळांत जांभळाच्या जोडीला कपित्थ येतं, ते लहानपणी पाठ केलेल्या श्लोकामुळे सगळ्यांना माहीत असेल. कपित्थाचं कवठ झालं आणि कवठावरून गावंच्या गावं ओळखली जाऊ लागली. सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ, पुण्याकडे शिरूर तालुक्यात कवठे येमाई, आणि आपल्या जवळ नांदेडचं कौठा.

सोसायटीच्या स्मरणिकेत सांगावी अशी एक गोष्ट वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. ग्रंथ सहाव्या शतकातला. त्यात वज्रलेपाची कृती दिली आहे. वज्रलेप म्हणजे त्या काळचं सिमेंट म्हणा किंवा वॉटरप्रूफिंग. कच्चं टेंभुर्णीचं फळ, कच्चं कवठ, सावरीची फुलं आणि आणखी काही वस्तू पाण्यात उकळायच्या, पाणी आठवा हिस्सा उरेपर्यंत. मग त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेल वगैरे घालायचे. हा लेप देवळांना, वाड्यांना, मूर्तींना, भिंतींना आणि विहिरींना गरम असतानाच लावायचा. तो एक कोटी वर्षं टिकतो, असं वराहमिहिर सांगतो. आपल्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगची गॅरंटी पाच वर्षांची होती आणि दुसऱ्याच पावसाळ्यात टाकी गळायला लागली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. तेव्हा कंत्राटदाराला कवठाची कृती द्यायला हवी होती.

आता मुद्द्याचं. चांगलं कवठ कुठे मिळतं?

आपल्या जिल्ह्यात कवठाचा मोठा बाजार भरतो तो महाशिवरात्रीला, औंढा नागनाथला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आपल्या जिल्ह्यात आहे, हे भाग्यच. देवळाचा खालचा कोरीव दगडी भाग यादवकाळातला आहे. नामदेव महाराजांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले ते औंढ्यालाच, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा आपल्या भागात घरोघरी सांगतात. शिवरात्रीला महादेवाला बेल वाहतात तसं कवठही वाहतात, आणि उपवासाला कवठ-गूळ हवाच. यात्रेत गोणपाटावर कवठांचे ढीग लागतात. विक्री नगावर होते. वजनाला कुणी विचारत नाही.

मी नोकरीत असल्यापासून जवळपास दरवर्षी औंढ्याला गेलोय, त्या अनुभवावर सांगतो. यात्रेतलं मोठं, पांढुरकं, देखणं कवठ बहुतेक वेळा फसवं निघतं. मागणी एका दिवसाची असते, म्हणून कच्चंच उतरवतात. वरून टणक, आत गर पांढरट, तुरट, टाळूला चिकटणारा. हिंगोलीच्या मंडईत शिवरात्रीनंतर आठ-दहा दिवसांनी मिळणारं कवठ त्यापेक्षा चांगलं, कारण तोवर ते मुरलेलं असतं आणि भावही उतरलेला असतो. सेनगावच्या बाजारात बायका टोपलीत दहा-वीस घेऊन बसतात, ती घरच्या धुऱ्यावरची असतात. लहान, पण वासाची. कयाधूच्या काठाने जुन्या धुऱ्यांवर जी झाडं उरली आहेत, त्यांचं फळ मला सगळ्यांत आवडतं. वाशीमकडच्या बाजारातून एकदा पिशवीभर आणली होती. ती इतकी आंबट निघाली की घरच्यांनी गुळाचा हिशोब मागितला.

पारख अशी करायची. कवठ हातभर उंचीवरून फरशीवर सोडायचं. उसळलं तर कच्चं. धप्पकन बसलं तर पिकलं. कानाशी धरून हलवलं आणि आत गर सुटल्याचा आवाज आला, तर उत्तम. वास देठाकडून घ्यायचा. आणि सगळ्यांत खात्रीचं कवठ कोणतं, तर आपणहून खाली पडलेलं. झाडावरून उतरवलेलं कवठ कडब्यात किंवा गव्हाच्या कणगीत पंधरा दिवस ठेवावं लागतं. पडलेल्याला काही करावं लागत नाही.

गुळाबाबत माझं मत ठाम आहे. दुकानातला पिवळाधमक गूळ कवठाला चालत नाही, त्याला नुसता गोडवा असतो. काळसर, किंचित खारट गूळ घ्यावा. वसमतकडे पूर्णेच्या कालव्याचं पाणी आणि ऊस आहे, आपल्या सेनगाव तालुक्याकडे कोरडवाहू, त्यामुळे आमच्या लहानपणी गूळ तिकडूनच यायचा. एक वाटी गर, दीड वाटी गूळ, चिमूटभर मीठ, थोडं जिरं, आवडत असेल तर तिखट. हाताने कुस्करून तासभर ठेवायचं. गूळ आपोआप विरघळतो. ही झाली रोजची चटणी. शिजवलं तर कवठातल्या पेक्टिनमुळे ते आपोआप घट्ट होतं, वड्यासुद्धा पाडता येतात.

पण माझी आजी करायची तो प्रकार वेगळा. पिकलेल्या कवठाला देठाकडून रुपयाएवढं भोक पाडायचं. काडीने आतला गर ढवळायचा, त्यात मावेल तेवढा गूळ ठासायचा आणि कवठ चुलीतल्या निखाऱ्यांच्या कडेला उभं करून ठेवायचं. भोक वर, नाहीतर फुटतं. कवच जाड असल्याने जळतं ते बाहेरून, आत गूळ वितळून गराला धरतो आणि कडेकडेने करपल्यासारखा तपकिरी होतो. मग तीच काडी घेऊन भोकातून खायचं. त्या अमेरिकन सफरचंदालाही काडी लागते. त्यांचा पाक बाहेरून, आमचा आतून, एवढाच फरक. मागच्या माघात सोसायटीतल्या पोरांना मी हे करून दाखवलं. चुली आता नाहीत, तर गोवऱ्यांवर केलं. बारा पोरांत सात कवठं संपली आणि मोबाईल कट्ट्यावर पडून होता.

आजीचं कवठाशी वेगळं नातं होतं आणि ते 1972च्या दुष्काळात पक्कं झालं. मी तेव्हा दहा वर्षांचा. वडील आणि काका खडी फोडायला जायचे. घरात मिलोची लाल ज्वारी आणि कामावर वाटतात ती सुकडी, एवढंच. मिलो अमेरिकेतून आलेली होती. त्या देशातून आमच्यापर्यंत पहिलं काही पोचलं असेल तर ते हेच. ज्वारी गेली, करडई गेली, विहिरी तळाला गेल्या, पण धुऱ्यावरचं कवठ हिरवं राहिलं. कवठाला पाणी फार लागत नाही. लोकांनी त्या साली जळणासाठी आणि पाल्यासाठी पुष्कळ झाडं तोडली. आमच्याकडेही कुऱ्हाड काढली होती. आजी झाडाखाली जाऊन बसली आणि उठेचना. संध्याकाळी काका कुऱ्हाड घेऊन परत आले.

ते आमच्या वावरातलं झाड पुढे गेलंच. नंतरच्या वर्षांत सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले, हळदीसाठी ड्रिप आलं, भावाभावांत वाटण्या झाल्या. धुरा म्हणजे वाया गेलेली जागा, असा हिशोब झाला. कवठाला काटे असतात, सावलीत पीक येत नाही आणि बी लावलं तर फळ धरायला पंधरा वर्षं लागतात. एवढी वर्षं थांबायचं कुणी? लाकूड कठीण, औतफाट्याला चालतं, म्हणून गिऱ्हाईकही लगेच मिळायचं. आज गोरेगाव शिवारात मला माहीत असलेली जुनी कवठाची झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतलं एक आपलं.

1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्या उत्साहात आपल्या सोसायटीची कल्पना निघाली. जिल्हा झाला म्हणजे आपल्या भागात घरांना किंमत येईल, असं आम्ही मंडळी तेव्हा बोलायचो. जागा पाहिली ती एका शेतकरी कुटुंबाची. व्यवहार सगळा ठरला, इसार द्यायच्या दिवशी घरातल्या आजीबाई ओसरीवर आल्या. त्या म्हणाल्या, वावर घ्या, विहीर घ्या, कवठाला हात लावू नका. दर शिवरात्रीला मी त्याची पाच फळं औंढ्याला नेते. मी त्या ओसरीवर होतो. आमच्यातल्या ज्येष्ठ प्रवर्तकांनी, जे आज हयात नाहीत, त्यांना शब्द दिला. खरेदीखतात झाडाचा उल्लेख नाही. लेआउट करताना ओपन स्पेस पूर्वेच्या कोपऱ्यात घेतली गेली, ती त्यामुळे. नाहीतर मधोमध ठेवणार होते, जुना कच्चा नकाशा अजून माझ्याकडे आहे.

आजीबाई असेपर्यंत त्या स्वतः पाच कवठं न्यायला यायच्या. झाडाखाली उभ्या राहून पडलेलीच घ्यायच्या, वरची कधी मागितली नाहीत. आता त्यांची सून येते. नव्या सभासदांपैकी काहींना वाटतं, या बाई फुकट फळं न्यायला येतात. एका वर्षी वॉचमनने त्यांना गेटवर थांबवलं होतं, म्हणून हे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटलं.

झाडाविरुद्धच्या तक्रारी मला माहीत आहेत आणि त्या खोट्या नाहीत. फळ पडून दोन गाड्यांच्या टपाला पोचे आले आहेत. वानरं येतात. काटा एका लेकराच्या पायात खोल गेला होता. गाड्या लावायची जागा चार हात सरकवली आणि खालच्या फांद्या छाटल्या तर यातलं बरंचसं मिटतं. वानरांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृह बांधायचा विचार चालू आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. लग्नं-वाढदिवस असले की आपल्याला मंडपाचं भाडं भरावं लागतं. पण नियोजित सभागृहाचा नकाशा मी पाहिला. पूर्वेची भिंत येते ती बरोबर झाडाच्या बुंध्यावर. बारा फूट पश्चिमेला सरकवायला जागा आहे, मी टेप लावून मोजली आहे. नकाशा पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजुरीला येणार आहे. त्यात विजेचा खांब दाखवलाय, बोअर दाखवलाय, सेप्टिक टँक दाखवलाय. कवठ दाखवलेलं नाही.