मातीचा ठेवा

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, गारगोटीच्या वाटेवर, कळंबा हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे तलाव बांधला गेला आणि कात्यायनीच्या डोंगरांतून येणारे पाणी शहराची तहान भागवू लागले. त्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. भोवतालच्या मातीने या काळात काय कमावले व काय गमावले, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. हवामान बदलाच्या चिंतेने जग ग्रासलेले असताना तो मांडणे अगत्याचे आहे.

झाडे हवेतील कर्बवायू घेऊन आपला देह घडवितात. त्यांची मुळे व पाने मातीत कुजतात तेव्हा त्या कर्बाचा काही भाग हवेत परत जातो आणि काही भाग मातीच्या कणांना धरून राहतो. यालाच आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो. जमिनीचा भुसभुशीतपणा, ओल धरण्याची ताकद आणि तिच्यातील असंख्य सूक्ष्मजीवांचे जीवन यावरच अवलंबून असते. जगातील मातीत साठलेला कर्ब हा हवेतील आणि सर्व वनस्पतींतील कर्बाच्या बेरजेहूनही अधिक आहे. हा ठेवा उधळला गेला, तर पीक आणि हवामान दोन्ही बिघडतात.

आपल्या पूर्वजांना कर्ब हा शब्द ठाऊक नव्हता; परंतु शेणखत घालणे, रानात मेंढरे बसविणे, बांधावर झाडे राखणे हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्या काळातही सारेच आदर्श होते असे नाही. घाटमाथ्याकडील भातशेतीत फांद्या आणि पाला जाळून राब भाजण्याची चाल जुनीच आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1894 ते 1922 या काळात, शाहूपुरीची बाजारपेठ वसली आणि राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. पुढे पाणी आले, ऊस वाढला, गुऱ्हाळांमागून सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या उसाने जिल्ह्यात शाळा आणि पक्की घरे आणली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण उसावर ऊस घेतला जाऊ लागला, ट्रॅक्टरचा नांगर खोल गेला आणि तोडणीनंतर शेतात उरणारे पाचट पेटवून देण्याची रीत पडली. हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट असे काही घटकांत भस्म होते. त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जाते. वारंवार उलथलेल्या, उष्ण हवामानातील जमिनीत उरलेला कर्बही झपाट्याने संपतो. रासायनिक खतांमुळे काही वर्षे हा तोटा दिसत नाही, एवढेच.

वास्तविक ज्ञान फार दूर नव्हते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. 1931 च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. तरीही ती पद्धत उसाच्या फडात रुजली नाही. खताच्या खड्ड्याला मनुष्यबळ लागते, वेळ लागतो. काडेपेटीला दोन्ही लागत नाहीत.

म्हणूनच अलीकडचे प्रयोग मोलाचे वाटतात. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना शेतीचा मार्ग धरला. उसाचे खोडके आणि मुळे उपटून न काढता जागच्या जागी कुजू द्यावीत, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आहे. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यांची, नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळणारी पद्धत बसविली. या पद्धतींत तणनाशकाचा वापर होतो आणि त्यावर मतभेद आहेत. उसाच्या खोडव्यात पाचट सरीत पसरून कुजविणे मात्र कोणालाही शक्य आहे. त्याने ओल टिकते व तणही कमी होते. अर्थात मातीत कर्ब सावकाश साठतो आणि आग व नांगर यांपुढे लवकर हरतो. कोळसा आणि पेट्रोल जाळण्याची भरपाई एकटी माती करू शकणार नाही.

आणखी एक अडचण आहे. एका वर्षाच्या खंडाने जमीन कसणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांची माती का सांभाळावी? आणि कळंब्यासारख्या शहरालगतच्या गावात, जेथे शेतांचे प्लॉट पडतात, तेथे मालकाने तरी का सांभाळावी? या प्रश्नाला केवळ शेतीशास्त्र उत्तर देऊ शकत नाही.

आपल्या श्रद्धेपाशी मात्र उत्तर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य मातीपासून घडला आणि बागेची मशागत व राखण त्याच्याकडे सोपविली गेली. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी भूमीला विसावा देण्याची आज्ञा आहे आणि भूमी परमेश्वराची, आपण तिच्यावरील पाहुणे, असा तिचा आधार आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच विश्वस्तभाव आजच्या जगापुढे ठेवला. या नात्याने पाहता आपण सारेच खंडकरी आहोत.

ज्यांची जमीन आहे त्यांनी या हंगामात पाचट न जाळण्याचा निश्चय करावा. ज्यांनी ती खंडाने दिली आहे त्यांनी कसणाऱ्याला दीर्घ मुदत द्यावी. सुगीच्या मिस्सेत आपण वेदीवर पहिले पीक अर्पण करतो. ज्या मातीने ते दिले, तिचा वाटा तिला परत करणे हाही त्याच अर्पणाचा भाग होय.